यीस्टचा दसरा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी एकदा हवेवरून मालकांशी भांडले आणि ते भांडण जिंकले. ही गोष्ट मी येईल त्या पाहुण्याला सांगते. आई म्हणते, "अगं पुरे आता, त्यांना जेवू तरी दे." का पुरे? लोक जावयाची बढती सांगतात, सुनेचा फ्लॅट सांगतात. मी माझं यीस्ट सांगते.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड. दोन्ही बाजूंना इंजिनिअरिंगचे वर्कशॉप, दिवसभर लोखंडाचा खणखणाट, आणि मधेच आमच्या शेडमधून आंबवलेल्या पिठाचा वास. नवा रिक्षावाला हमखास विचारणार, "मॅडम, इथं बेकरी आहे का?" पूर्वी मला राग यायचा. आता मी सरळ हो म्हणते, कोण समजावत बसणार! आम्ही एन्झाइम बनवतो. एन्झाइम म्हणजे जिवंत पेशी स्वतःच्या कामासाठी जी हत्यारं तयार करतात ती. पेशी आपण मोठ्या टाकीत वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि त्यांनी बाहेर टाकलेली हत्यारं गोळा करून विकायची. एका वाक्यात सांगायचं तर एवढाच आमचा धंदा.

मला जे हत्यार हवं होतं ते द्राक्षाच्या रसासाठी. द्राक्ष पिळलं की रस गढूळ निघतो, कारण फळात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. जॅम घट्ट होतो तो त्याच्याचमुळे. हे पेक्टिन तोडणारं एन्झाइम घातलं की गाळ खाली बसतो आणि वर स्वच्छ रस राहतो. आमच्या नाशिकमध्ये द्राक्षांना काय तोटा! पण एन्झाइमची पावडर मात्र बाहेरून यायची. मला ते खुपायचं. द्राक्षं आमची, रस आमचा, आणि तो नितळ करायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं.

म्हणून मी इथलंच यीस्ट शोधलं. वणीच्या रस्त्याला एक वायनरी आहे. तिच्या मागच्या बाजूला पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्याचा ढीग पडलेला असतो. त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून मी चोथा काढला होता. आत गरम, ओला, नुसता लगदा. माझ्याबरोबर आलेला ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून लांब उभा होता. त्या चोथ्यातून बरीच यीस्टं वेगळी केली आणि त्यातलं एक निवडलं. पेक्टिन तोडण्याची करामत त्याच्या अंगात होती. पण थोडीशीच. ती वाढवायची कशी, हा प्रश्न होता.

त्या वर्षी पावसाळा सरताना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नाही, पण हिशोबी. म्हणाले, "मॅडम, द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आत आपलं एन्झाइम टाकीतून निघालं तर ठीक. नाही तर लॅब बंद करू. बाहेरची पावडर आणू, आपल्या पुड्यांत भरू. तुम्ही पॅकिंगकडे बघा."

पॅकिंग! तळपायाची आग मस्तकात गेली. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी मी पुड्यांना सील मारायला केलं होतं का?

घरी येऊन पिशवी आपटली. अप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर पेपर वाचत होते. अप्पा सातपूरच्याच एका कंपनीत टर्नर होते, सगळी नोकरी लेथवर उभं राहून केली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, मी जल्मभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर पार्ट काढले. पार्ट एक नंबर, पण ड्रॉइंग कधी माझं नव्हतं. तुझं ड्रॉइंग तुझं आहे. ते असं सोडू नको." एवढं बोलून पुन्हा पेपरात डोकं घातलं. त्यांच्याकडून एवढे शब्द एकदम ऐकायची मला सवय नव्हती. ही आमच्या घरात बातमीच म्हणायची.

मग मी लागले मागे. लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी आणि ऑपरेटर मामा. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. नामपूरकडचे, बोलण्यात अहिराणीचा ठसका, हात कामाला घट्ट आणि देवावर श्रद्धा त्याहून घट्ट. आमच्याकडे शेकर नावाचं मशीन आहे. काचेच्या चंबूंत यीस्टचं खाणं भरायचं, त्यात यीस्ट सोडायचं, आणि चंबू शेकरवर ठेवायचे. शेकर ते अखंड गोल गोल हलवत राहतो, म्हणजे आत हवा मिसळते. यीस्टला हवा मिळाली की ते झपाट्याने वाढतं, हा कॉलेजातला पहिला पाठ.

आणि वाढत होतं की! दुसऱ्या दिवशी चंबूत नुसती साय. साहेब येऊन बघायचे, "वा, काय ग्रोथ आहे!" मीही खूश व्हायचे. पण एन्झाइम मोजलं की तोंड पडायचं. मोजायची आमची साधी रीत म्हणजे ताटली. काचेच्या ताटलीत पेक्टिन घातलेली जेली असते, तिला भोक पाडून त्यात चंबूतलं पाणी सोडायचं. एन्झाइम असेल तर भोकाभोवती स्वच्छ कडं पडतं. जेवढं एन्झाइम तेवढं मोठं कडं. माझी कडी बघायला भिंग लागायचं. मी साखर वाढवली, शेकरचा वेग वाढवला. साहेबांनी तर टाकीसाठी नवाकोरा मोठा कॉम्प्रेसर आणला, "यीस्टला हवेची ददात नको" म्हणून. यीस्ट माजलं नुसतं. खाऊन खाऊन अंगाने सुटलं आणि काम काडीचं नाही.

त्यातलंच थोडं एन्झाइम मी एकदा घरी आणलं. गेल्या हंगामातला द्राक्षाचा रस डीप फ्रीजमध्ये जपून ठेवला होता, त्यात ते घातलं. दुसऱ्या दिवशी ग्लासामागे पेपर धरला आणि अप्पांना म्हटलं, "वाचा." त्यांनी चष्मा पुसला, मान वाकडी केली. म्हणाले, "अक्षर दिसत नाही. ढग दिसतो."

"थोडं तरी?"

"मापाच्या गेजमध्ये पार्ट बसतो किंवा बसत नाही. थोडा बसतो असं नसतं. फेल."

आई म्हणाली, "अहो, पोरीचं मन तरी राखा." अप्पा म्हणाले, "मन राखलं तर रस नितळ होणार आहे का?" मी जेवले नाही त्या दिवशी. खरं सांगायचं तर राग त्यांच्यावर नव्हताच.

दसरा आला. दसऱ्याला सातपूर बघावं. एरवी काळंमिट्ट असणारं एकेक मशीन पुसून लख्ख करतात, झेंडूचे हार घालतात, कुंकवाची बोटं ओढतात, आणि त्या दिवशी मशीनला सुट्टी. कुणी स्विचला हात लावत नाही. आमच्या घरी तो दिवस वेगळा असतो. पांढरे कपडे घालायचे आणि बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी विहारात जायचं. अप्पांच्या हाताला धरून जाते मी दरवर्षी. आदल्या दिवशीच मी चंबू शेकरवर चढवले होते. निघताना वॉचमनला बजावलं, "शेकर चालू आहे. कुणी हात लावायचा नाही." पण मामांना सांगायचं राहिलं. मामांना काय सांगायचं, त्यांना तर सगळं माहीतच!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबचं दार उघडलं, तर शांतता. शेकर बंद. त्याच्या कडेने झेंडूचा हार, वर कुंकू, पुढ्यात आपट्याची पानं. आणि माझे चंबू ढिम्म उभे. यीस्ट तळाला चिखलासारखं बसलेलं.

"मामा!" मी अशी ओरडले की शेजारच्या वर्कशॉपमधले दोघं दारात येऊन उभे राहिले.

मामा शांतपणे आले. "काय झालं ताई?"

"शेकर कुणी बंद केला?"

"मी. काल दसरा व्हता ना. मशीनले बी एक दिन आराम पाहिजे."

"अहो, आत यीस्ट आहे! जिवंत! त्याला हवा कोण देणार? तुमचा हार देणार?"

मामांनी मान खाली घातली, पण चूक झाली असं काही म्हणाले नाहीत. त्यांच्या मते चूक झालीच नव्हती. मशीनची पूजा करायची आणि ते चालूच ठेवायचं, हा कुठला न्याय? मला मात्र वाटलं, गेलं सगळं. दिवाळी तोंडावर, पुढे हंगाम, आणि पुन्हा पहिल्यापासून. चंबू मोरीत ओतायलाच निघाले होते. मग डोक्यात आलं, असं नाही सोडायचं. आधी नुकसान किती झालंय ते मोजायचं, ती ताटली मामांच्या समोर धरायची आणि म्हणायचं, बघा तुमचा दसरा. केवळ भांडणात पुरावा हवा म्हणून मी ती ताटली लावली.

दुसऱ्या दिवशी ताटली काढली आणि उजेडाला धरली. कडी कसली, चांगली रुपयाच्या नाण्याएवढी वर्तुळं! भिंग नको, काही नको. दारातून दिसावीत अशी. मला वाटलं, मीच काहीतरी घोळ घातला. पुन्हा लावली. पुन्हा तेच. मामा मागे उभे होते. हळूच म्हणाले, "ताई, नुकसान चांगलंच झालेलं दिसतंय."

मला हसू फुटलं. भांडणाचा पुरावा होता खरा, फक्त माझ्याविरुद्ध.

साहेबांना कळलं तसे ते धावत आले. ताटली बघितली, हात जोडले. "देवीची कृपा! मॅडम, आता दर बॅचला पूजा करायची. मामा, हाराचं तुमच्याकडे." मामा खूश. आणि माझं डोकं पुन्हा सणकलं. अहो, इतकी वर्षं शिकले ती मी, चोथ्यात हात घातला तो मी, आणि श्रेय झेंडूच्या हाराला? मी म्हटलं, "साहेब, देवीला यात ओढू नका. आपण सरळ तपासूनच बघू."

मग मी जो प्रयोग मांडला तो कुठल्या पुस्तकात नसेल. काही चंबू शेकरवर ठेवले, शेकर चालू, आणि मामांना म्हटलं, याला हार घाला, कुंकू लावा, अगदी मनापासून पूजा करा. मामांनी नारळही फोडला. बाकीचे चंबू एक दिवस हलवले, मग टेबलावर नुसते ठेवून दिले. ना हार, ना कुंकू. ताटल्या लावल्या. हारवाल्या चंबूंची कडी तीच, भिंगातून बघायची. बिनहाराच्या उभ्या चंबूंची रुपयाएवढी.

मी मामांकडे बघितलं. वाटलं, आता नाराज होतील. ते ताटल्या उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे देवीनं फक्त स्विच बंद करायला लावला. पुढलं तुमचं." मी म्हटलं, बरं, तेवढं देवीचं.

पण असं का, ते मला कळत नव्हतं आणि कळल्याशिवाय चैन पडेना. शेवटी तो ढीग आठवला. वायनरीमागचा चोथा. कोपरापर्यंत हात घातला होता तिथे, आत, गरम लगद्यात, हवा होती कुठे? हे यीस्ट तिथलं. वर मोकळ्या हवेत त्याला आयती साखर मिळते, मग ते कशाला हत्यार उचलेल? मजेत खाईल, वाढेल. आत दाबलं गेलं, हवा संपली, की मग त्याला चोथा फोडून पोट भरावं लागतं. मी त्याला लाडावून ठेवलं होतं. एसीत बसवून वर जेवायला वाढत होते आणि म्हणत होते, शेतात जा. त्याची वाढ आणि त्याचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. साय बघून आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि काम कुणी बघतच नव्हतं.

पुढचे महिने मी त्या यीस्टच्या सासूसारखी वागले. साखर कमी केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. आधी ऊब. थोडी वाढवून बघायची, थोडी उतरवून बघायची, कडं कुठे मोठं येतं ते धरायचं. मग आंबटपणा. मग खाण्यात द्राक्षाचा वाळवलेला चोथा, जास्त की कमी. आणि सुरुवातीला हवा किती वेळ द्यायची आणि कधी तोडायची, हे सगळ्यात नाजूक. लवकर तोडली तर कामाला माणसंच कमी, उशिरा तोडली तर सगळे खाऊन सुस्त. कडी वाढत गेली. नाण्याची उपमा मागे पडली, मामा बांगडीच्या मापात बोलायला लागले.

खरी लढाई टाकीची होती. चंबूत कुणीही काहीही करून दाखवतं, टाकीत निघालं तरच धंदा. आणि हंगामाच्या आधी टाकी एकदाच मिळणार होती, पुढे ती दुसऱ्या मालाला लागलेली. ही बॅच गेली की लॅब गेली. मी साहेबांना सांगितलं, पहिला भाग हवा द्यायची, मग कॉम्प्रेसरची हवा तोडायची.

साहेबांचा चेहरा पडला. तो कॉम्प्रेसर त्यांचा जीव की प्राण. "मॅडम, हवा तोडली तर यीस्ट मरेल. वर बाहेरचा जंतू शिरेल. चंबू वेगळा, टाकी वेगळी."

जंतूचं त्यांचं बरोबर होतं. टाकीत आतून दाब नसला तर बाहेरची घाण आत खेचली जाते. म्हणून मी आधीच मामांशी बोलून ठेवलं होतं. खालून बुडबुडे बंद करायचे, वरच्या मोकळ्या जागेत मात्र गाळलेली हवा थोड्या दाबाने भरून ठेवायची, आणि आतला ढवळायचा पंखा अगदी हळू. दाब राहील, पण यीस्टला हवा पोचणार नाही. हे सगळं मी समजावलं. साहेब तरी मान हलवत राहिले. ठरलेली वेळ आली, मी व्हॉल्व्हवर हात ठेवला, आणि त्यांनी माझ्या शेजारी येऊन म्हटलं, "थोडीशी तरी चालू ठेवा ना. बिघडली तर?"

"बिघडली तर उद्यापासून पॅकिंगला मी स्वतःहून जाऊन बसते. पण थोडी चालू ठेवायची असेल तर आत्ताच जाते."

साहेबांनी एकदा आपल्या कॉम्प्रेसरकडे बघितलं. मग म्हणाले, "बंद करा." मी व्हॉल्व्ह फिरवला. टाकीचा खळखळाट थांबला. मामांनी लांबूनच टाकीला नमस्कार केला. मी बघितलं आणि काही बोलले नाही. खरं म्हणजे बरंच वाटलं.

बॅच निघाली. ताटलीवरची कडी एकमेकांना भिडली, मधे जेली उरलीच नाही. पण साहेबांचा विश्वास ताटलीवर नव्हता, रसावर होता. पहिली द्राक्षं तोडणीला आली तसे आम्ही वणीच्या रस्त्यावरच्या एका रसाच्या युनिटवर गेलो. ते चालवणाऱ्या बाई मोठ्या खमक्या. मी काही सांगायच्या आतच म्हणाल्या, "भाषण नको, रस दाखवा." त्यांची परीक्षा रोखठोक. नळीत रस घ्यायचा, त्यात स्पिरिट ओतायचं. पेक्टिन उरलं असेल तर जेलीचे गोळे तरंगतात. साध्या रसात त्यांनी ओतलं, गोळेच गोळे. माझं एन्झाइम घातलेल्या रसात ओतलं. नळी उजेडाला धरली. हलवली. पुन्हा धरली. काही नाही. स्वच्छ.

"हे कुठून मागवलं?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "मागवलं नाही. आमच्या मॅडमनी बनवलंय. तुमच्या शेजारच्या चोथ्यातलं यीस्ट आहे. आणि आमचा नवा कॉम्प्रेसर बंद ठेवून." हे शेवटचं बोलताना ते लाजले, पण बोलले. पॅकिंगचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. लॅबच्या दाराला नवा रंग मात्र दिला.

त्या नितळ रसाची एक बाटली मी घरी घेऊन आले. कुणाशी काही बोलले नाही. ग्लास भरला, मागे पेपर धरला आणि अप्पांच्या पुढे बसले. "वाचा."

अप्पांनी चष्मा पुसला. मोठा मथळा घडाघडा वाचला. मी ग्लास काढायला गेले तर म्हणाले, "थांब." पेपर सरकवला, खालचा बारीक मजकूर ग्लासामागे घेतला आणि तोही वाचला, अगदी सावकाश, एकेक ओळ. लेथवर पार्ट निघाला की ते असाच फिरवून फिरवून बघत असणार. आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

"पास," अप्पा म्हणाले.

मला रडूच आलं. आता मोठ्या बाईने रडावं का, पण आलं. वाटलं, ते डोक्यावर हात ठेवतील, काही बोलतील. ते उठले, चपला घातल्या, एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात पेपर घेऊन बाहेर निघाले.

"अहो, कुठे चाललात? रस प्या तरी!" आई म्हणाली.

अप्पा समोरच्या घराच्या पायरीवर पोचलेही होते. कंपनीतले त्यांचे एक जुने जोडीदार तिथे बसले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे ग्लास धरून अप्पा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "हे बघ, यातून वाचून दाखव. ड्रॉइंग माझ्या पोरीचं आहे."